भरतीआधीची मशागत



दर आठवड्याला या जागी मी आपल्याशी बियाण्याविषयी, खताविषयी, कीडरोगाविषयी बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, आणि खरे सांगायचे तर तो मी पुष्कळ दिवस टाळत आलो.

गेल्या महिन्यात निफाड तालुक्यातल्या एका गावी कांद्याच्या रोपवाटिकेवर बोललो. कार्यक्रम संपला, मंडळी पांगली, आणि मी मोटारसायकलला किक मारणार एवढ्यात एक माउली जवळ आली. इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाली, "साहेब, पोराला पुण्याला भरती करायचं ठरलंय. गर्द ओढतो. संगं काय काय न्यावं लागतं?"

मी सांगितले, चार-पाच जोड कपडे, आधार कार्ड, जुने औषधाचे कागद असतील तर ते. तिने मान हलवली आणि ती गेली. घरी आल्यावर मात्र मला घास गोड लागेना. तिने पिशवीत काय न्यायचे ते विचारले आणि मी पिशवीचेच सांगितले. पिशवीपेक्षा मोठी तयारी घरात आणि मनात करावी लागते, ती राहूनच गेली. ती मला चांगली ठाऊक आहे, कारण ती न करता जाण्याची चूक मी स्वतः केलेली आहे.

गोष्ट माझ्या थोरल्या बंधूंच्या मुलाची. त्याला विचारूनच लिहितो आहे, नाव मात्र लिहीत नाही. पोरगा कष्टाळू. घरची चार एकर द्राक्षबाग सांभाळून टोमॅटो आणि कांद्याच्या गाड्या रात्री वाशी मार्केटला न्यायचा. रात्रीची जागरणे, क्रेटची चढ-उतार, यांनी कंबर धरली. एका ड्रायव्हरने दुखण्यावरची कॅप्सूल दिली. दुखणे थांबले, अंगात तरतरी आली. मग कंबर दुखो न दुखो, कॅप्सूल लागू लागली. एकाच्या चार झाल्या. त्या मिळेनाशा झाल्या तेव्हा कोणीतरी गर्दची पुडी हातावर ठेवली. घरात कळायला दीड वर्ष गेले. तोवर वहिनींची पोत आणि दूध डेअरीचे दोन महिन्यांचे पैसे गेले होते.

डिसेंबर २०१७ मध्ये आम्ही वडीलधाऱ्यांनी परस्पर ठरवले की याला पुण्याला एका केंद्रात दाखल करायचे. त्याला सांगितले तर तो येणार नाही, म्हणून मीच युक्ती काढली. त्याला म्हणालो, "पुण्याला शेतीचं प्रदर्शन आहे, फवारणीचं नवं यंत्र बघून येऊ." माझ्या तोंडचे ते, त्याने विश्वास ठेवला. आदल्या संध्याकाळपासून आम्ही त्याला काही ना काही निमित्त काढून घराबाहेर जाऊ दिले नाही. सकाळी निघालो आणि नाशिकला द्वारका चौकात पुण्याच्या गाडीसाठी उतरलो. आपल्याकडून जाणाऱ्यांना तो चौक माहीत आहेच. मुंबई-आग्रा रस्ता सोडून पुण्याचा रस्ता तिथूनच धरायचा. पोराचे नाक गळत होते, जांभयांवर जांभया येत होत्या, अंगावर काटा होता. आम्हाला वाटले, थंडी बाधली. गाडी येईपर्यंत "लघवीला जाऊन येतो" म्हणून तो गेला, आणि त्या गर्दीत दिसेनासा झाला. तिसऱ्या दिवशी सापडला. माझे थोरले बंधू त्या चौकात फुटपाथवर बसून रडले, ते मी जन्मात विसरणार नाही.

सापडल्यावर पोरगा मला म्हणाला, "काका, खरं सांगितलं असतं तर आलो असतो की नाही, ते मला माहीत नाही. पण खोटं सांगितलंत म्हणून पळालो, हे नक्की."

बंधूंनो, बी कितीही चांगले असो, मशागत नसेल तर उगवण होत नाही. भरतीचेही तसेच आहे. उपचार केंद्राच्या दारात सुरू होत नाहीत, ते आपल्या ओसरीवर सुरू होतात.

आधी हे दुखणे काय आहे ते समजून घेऊ. अफूच्या हिरव्या बोंडाला चीर दिली की चीक येतो, ती अफू. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठराविक भागांतच, सरकारी परवान्यानेच हे पीक घेता येते. या चिकातूनच मॉर्फिन आणि खोकल्याच्या काही औषधांतले कोडीन मिळते. मॉर्फिनपासून हेरॉइन करतात, आणि गर्द म्हणजे भेसळीचे, अशुद्ध हेरॉइन. ट्रामाडॉलसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या कारखान्यात तयार होतात, पण शरीरात जाऊन काम तेच करतात. म्हणून २०१८ साली ट्रामाडॉलही अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले गेले. ही औषधे वाईट नव्हेत. शस्त्रक्रियेत आणि कर्करोगाच्या वेदनेत ती देवासारखी धावून येतात. मात्र डॉक्टरांच्या मापाबाहेर गेली की माणसाला धरतात.

अफूशी आपली ओळख जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन निजवत आणि पाळीला जात. पोटासाठी राबणाऱ्या घरातच ती गोळी शिरली होती. आजही पुष्कळांना ही सवय मौजेतून नव्हे, कष्टाच्या अंगदुखीतून लागते. दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात अफूवर्गातले पदार्थ घेणारे सुमारे २ कोटी २६ लाख लोक आहेत, आणि सुमारे ७७ लाखांना या दुखण्यासाठी मदतीची गरज आहे. तेव्हा आपल्याच घरावर हे संकट आले, आपणच कुठे कमी पडलो, असे मनाला लावून घेऊ नका.

रोज घेणाऱ्याचे शरीर त्या पदार्थाच्या आधाराने चालू लागते. आधार काढला की ते बंड करते. ओढणाऱ्यांच्या बोलीत त्याला 'टर्की' म्हणतात. गर्दच्या बाबतीत शेवटच्या वेळेनंतर साधारण आठ ते बारा तासांत हे सुरू होते. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, मग पोटात मुरडा, उलट्या, जुलाब, हाडे मोडल्यासारखे दुखणे, आणि झोप नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर असतो, आठवड्या-दहा दिवसांत ओसरतो. द्वारकेला आम्ही ज्याला थंडी समजलो ती ही टर्की होती. तो आम्हाला फसवायला पळाला नव्हता, त्याचे शरीर त्याला ओढून नेत होते. हे आम्हाला त्या दिवशी माहीत असते तर आम्ही तसे निघालोच नसतो.

आता तयारीकडे वळू.

पहिली तयारी म्हणजे खरे बोलणे. निवांत वेळ पाहून, तो तारेत नसताना, घरातल्या एक-दोन समंजस माणसांनी त्याच्याजवळ बसावे. भावकी गोळा करू नये. चोरीचा हिशेब मांडू नये. "तू आजारी आहेस, आम्ही तुझ्याबरोबर आहोत, अमुक ठिकाणी उपचार होतात, तू तयार आहेस का?" एवढेच विचारावे. पहिल्या खेपेला नाही म्हणेल. पुन्हा विचारावे. चहातून पावडरी घालणे, देवदर्शनाच्या नावाखाली नेणे, खोलीत कोंडणे, साखळीने बांधणे, यातले काही करू नका. कायदाही आता रुग्णाच्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे समज असलेला सज्ञान माणूस स्वतःच्या इच्छेने दाखल होतो, आणि रुग्णाला साखळीने बांधायला मनाई आहे. त्याला काहीच उमजत नसेल किंवा जीव धोक्यात असेल, तर काय करायचे ते डॉक्टर कायद्याने ठरवतील, आपण नव्हे.

पोलिसांची धास्ती पुष्कळांना असते. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ आहे. जो व्यसनी माणूस आपण होऊन सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतो आणि ते पुरे करतो, त्याला सेवनाच्या किंवा अगदी अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्ध्यावर सोडले तर ते काढून घेता येते. विकणाऱ्याला मात्र ही सवलत नाही.

दुसरी तयारी म्हणजे ठिकाण पारखणे. आपण रोपे घेताना नर्सरी पाहतो, मग माणूस सोपवताना का पाहू नये? केंद्राची शासनाकडे नोंदणी आहे का, डॉक्टर रोज असतात का, रात्री कोणाला बरे नाहीसे झाले तर काय करतात, भेटायला कधी देतात, खर्च किती आणि त्याची पावती मिळते का, हे आधी फोनवर आणि जमल्यास स्वतः जाऊन विचारावे. जिथे मारझोड होते असे कानावर येईल, किंवा "आठ दिवसांत कायमचे सोडवतो" अशी हमी मिळेल, तिथून परत फिरावे. सुरुवात जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार तज्ज्ञांपासून केली तरी चालते. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी फोन क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

पुण्याचे नाव निघाले की मुक्तांगण आठवते. डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ते सुरू केले. त्या काळात गर्दने शहरांत थैमान घातले होते. अवचटांचे त्यावरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि मदतीला उभे राहिले. आरंभी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच हे काम चालले. अनिताताई १९९७ मध्ये गेल्या, अनिल अवचट २०२२ मध्ये, पण काम चालू आहे. तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा असतो. आपल्या लोकांना हा आकडा ऐकून घाम फुटतो. पण विचार करा, शरीरातली टर्की दहा दिवसांत जाते. उरलेले दिवस मनाला नवी सवय लावायला असतात. पहिल्या पावसाने जमीन भिजते, पण तेवढ्यावर पीक येत नाही.

तिसरी तयारी म्हणजे डॉक्टरांसाठी खरी माहिती. काय घेतो, किती घेतो, कशा रीतीने घेतो, शेवटचे कधी घेतले, हे सगळे कागदावर लिहून न्यावे. शेवटच्या वेळेला फार महत्त्व आहे. ब्युप्रेनॉर्फिन नावाची जिभेखाली ठेवायची गोळी टर्की शमवते, पण शरीरात आधीचा अंमल असताना दिली तर उलट टर्की एकदम उसळते. म्हणून खोटी वेळ सांगितली तर त्रास त्यालाच होतो. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावे, कारण या दोन्ही एकाएकी बंद केल्या तर झटके येऊन जिवावर बेतू शकते. ट्रामाडॉलनेही झटके येतात. सुई टोचून घेत असेल तर कावीळ आणि एचआयव्हीच्या तपासण्या कराव्या लागतील, त्यात लाज नको. मधुमेह, रक्तदाब, दमा, क्षय असेल तर त्या औषधांच्या चिठ्ठ्या न्याव्यात. आणि माउल्यांनो, हे दुखणे बायकांनाही होते. अशी बाई गरोदर असेल तर आपल्या मनाने एकदम बंद करू नका, पोटातल्या बाळाला धोका असतो. आधी डॉक्टर.

घरी कोंडून टर्की काढावी, म्हणजे केंद्राचा खर्च वाचेल, असा हिशेबही पुष्कळजण करतात. तो करू नये. जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी जाते, आणि चौथ्या दिवशी सुटला की माणूस धावत तिथेच जातो. निघायच्या दिवसापर्यंत आणि वाटेत काय करायचे, ते आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

एक धोका इथेच सांगतो. जायच्या आदल्या रात्री "आता शेवटचं" म्हणून जास्त घेण्याची ओढ असते. त्या एका रात्रीत माणसे गेलेली आहेत. त्याला हे आधीच स्पष्ट सांगावे आणि त्या रात्री सोबत कोणीतरी जागे राहावे.

चौथी तयारी शेताची. आमच्या घरी सारे अडले ते इथे. "द्राक्षं निघू द्या, मग जाऊ." द्राक्षे निघाली. "खरड छाटणी उरकू द्या." छाटणी उरकली. "सोसायटीचं नवं-जुनं होऊ द्या." शेतकऱ्याच्या घरात मोकळा महिना कधी उगवतच नाही. आजाराला हंगाम कळत नाही, तेव्हा आपणच तारीख धरावी लागते. ती धरली की कामे वाटून घ्यावी. धार कोण काढील, रात्रीची लाईट असेल तेव्हा मोटर कोण चालू करील, फवारणीचे कोण पाहील, डेअरीचा आणि मजुरांचा हिशेब कोण ठेवील. हे त्याच्या समोर, त्याला विचारून ठरवावे. आमच्या पोराने शेवटी स्वतःच वही काढली. कोणत्या प्लॉटला किती वेळ ठिबक, कोणता व्हॉल्व्ह गळतो, कोणती गाय लाथ मारते, सगळे लिहून बापाच्या हातात दिले. मला तेव्हा पहिल्यांदा वाटले की हा आता जाईल. ज्याच्यावाचून घरचे अडते त्याला परत येण्याचे कारण असते.

पाचवी तयारी पैशाची. बँकेचे कार्ड, मोबाईल, गाडीची किल्ली त्याने आपण होऊन घरच्यांच्या ताब्यात द्यावी. पुडीवाल्यांचे फोन नंबर त्यानेच पुसावेत. घरात, गोठ्यात, पंपाच्या खोलीत लपवलेले काही असेल ते त्याला बरोबर घेऊन काढून टाकावे. मुलेबाळे असतील त्या घरात तर हे आधी करावे, कारण मोठ्याच्या अंगवळणी पडलेली एक कॅप्सूलही लहान मुलाचा जीव घेऊ शकते.

आता त्या माउलीने विचारलेली पिशवी. केंद्राला विचारून यादी घ्यावी. सहसा रोजचे सुती कपडे, टॉवेल, अंथरूण-पांघरूण लागल्यास तेही, साबण, चपला, आधार कार्ड, फोटो, औषधाचे कागद, एवढे पुरते. दागिना, जास्त पैसे नेऊ नयेत. दारात सामान तपासतील, खिसे आणि चपलेचे तळवेही पाहतील. त्याला अपमान वाटेल, म्हणून आधीच कल्पना द्यावी. लेकराचा एखादा फोटो मात्र बरोबर असू द्या.

सहावी तयारी घरच्यांची. शेजारी विचारतील, "पोरगा कुठं गेला?" सगळ्यांनी एकच उत्तर धरावे. "तब्येतीच्या उपचाराला गेलाय" हे खरे आहे, आणि पुरेसे आहे. लहान मुलांना म्हणावे, "बाबा आजारी आहेत, बरे होऊन येणार." मुले आपल्यामुळेच हे झाले असे मनात धरून बसतात, तेव्हा तसे नाही हेही सांगावे. त्याची बायको या काळात सगळ्यांत दमलेली असते. तिला माहेरच्यांनी आणि सासरच्यांनी बोल लावू नये. "तूच सांभाळलं नाहीस" हे वाक्य तर कोणाच्याही तोंडून निघू नये. केंद्रात घरच्यांसाठी बैठका असतात, त्यांना जावे. मुक्तांगणसारख्या ठिकाणी रुग्णांच्या पत्नींसाठीही गट चालवतात. पहिल्या आठवड्यात तो रडून फोन करील, "मला घेऊन जा, इथं मरतोय मी." मारझोड नाही, डॉक्टर पाहत आहेत, याची केंद्राकडे खात्री करून घ्यावी आणि मन घट्ट करून म्हणावे, "आम्ही रविवारी येतो आहोत."

शेवटची तयारी परतीची, आणि ती जाण्याच्या आधीच करायची. ३५ दिवसांनी माणूस बरा होऊन येतो असे समजू नका, उपचार शिकून येतो. पुढे महिनोन्‌महिने डॉक्टरांकडे आणि बैठकांना जावे लागते. काहींना जिभेखालची गोळी पुष्कळ काळ चालू ठेवावी लागते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली असते, तिला दुसरे व्यसन म्हणून हिणवू नका. मधुमेहाची गोळी आपण हिणवतो का?

आणि हे तर घरातल्या प्रत्येकाने पाठ करावे. महिनाभर न घेतल्याने शरीराची सहन करण्याची ताकद उतरलेली असते. अशा वेळी घसरून जुन्या मापाने घेतले, तर श्वास मंदावून माणूस जातो. उपचारानंतरचे पहिले आठवडे यासाठीच सर्वांत धोक्याचे. माणूस हाक मारून उठत नाही, घोरल्यासारखा अडखळत श्वास घेतो, ओठ-नखे निळी पडली आहेत, बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झाली आहे, असे दिसले तर क्षणभरही थांबू नका. १०८ ला फोन करा, कुशीवर निजवा, एकटे सोडू नका, आणि दवाखान्यात काय घेतले ते खरे सांगा. नॅलॉक्सोन नावाचे इंजेक्शन वेळेत मिळाले तर माणूस परत येतो. अब्रूपायी अर्धा तास दडवला तर अब्रू राहील, माणूस राहणार नाही.

दुसऱ्या वेळी आमचा पोरगा २०१८ च्या श्रावणात गेला. या खेपेस नाशिकच्या डॉक्टरांना आधी दाखवले, वाटेतल्या त्रासाचे औषध घेतले, केंद्राशी बोलून दिवस पक्का केला. पुन्हा द्वारका चौक, पुन्हा पुण्याची गाडी. आम्हा दोघा भावांची छाती धडधडत होती. पोरगा आमच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाला, "काका, माझा हात धरून ठेवा. पळणार नाही, पण धरा." गाडी येईपर्यंत मी त्याचा हात सोडला नाही. तीस वर्षांचा बाप्या, पण लहानपणी जत्रेत धरायचा तसा त्याने माझा पंजा धरला होता.

त्या वर्षीचा पोळा त्याच्यावाचून झाला. बैलांची शिंगे थोरल्या बंधूंनीच रंगवली, आणि संध्याकाळी नैवेद्याची एक पुरणपोळी वहिनींनी वेगळी झाकून ठेवली. तो परत आला तो ऑक्टोबर छाटणीच्या आधी. मजुरीचे पैसे हातात घेणार नाही, वर्षभर एकट्याने गाडी घेऊन वाशीला जाणार नाही, हे त्यानेच सांगितले. पुढच्या वर्षी एकदा घसरला. पण त्याच रात्री बापाला उठवून सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे होतो. घसरणे म्हणजे सगळे वाया गेले असे नव्हे. गारपिटीनंतर आपण बाग तोडून टाकतो का? जखमा पाहतो, छाटतो, औषध मारतो, पुन्हा उभी करतो. त्यानंतर आजवर तो नीट आहे. उद्याचे तोही छातीठोक सांगत नाही. म्हणतो, "आजचा दिवस झाला, काका."

त्या माउलीचे गाव मला माहीत आहे, घर माहीत नाही. हा अंक तिच्यापर्यंत पोचला तर बरे होईल. आपल्या गावात असे एखादे घर ठाऊक असेल, तर त्यांची चारचौघांत वाच्यता न करता हे पान त्यांच्या हाती द्या. आणि त्या माउलीला माझे एवढेच सांगणे आहे. बाई, पिशवी आदल्या रात्री भरली तरी चालेल. आज आधी पोराजवळ बसा, आणि त्याला खरे सांगा.

पुढच्या आठवड्यात पुन्हा रोपवाटिकेकडे वळू. कांद्याच्या रोपांची मर कशी थांबवायची, ते पाहू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)